चाळीस तासांची सही

तळमजल्यावरच्या त्या विभागात ताईंचा आवाज कधी चढला नाही असं कुणी म्हणालं, तर ते साफ खोटं. तो रोज चढायचा. तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणत आणि पाठ वळली की फौजदारीणबाई. ताईंना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दुसऱ्याचा मनातून थोडा अभिमानच होता.

विभाग हॉस्पिटलचा, पण तिथे पेशंट कधी येत नाही. येतात त्या कात्र्या, चिमटे, वाट्या, सगळं ऑपरेशनमध्ये वापरून झालेलं आणि रक्ताने माखलेलं. पहिल्या खोलीत ते धुवायचं. दुसऱ्या खोलीत भिंगाखाली बघून, मोजून, सेट लावून दुहेरी कापडात बांधायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कपाटाएवढ्या वाफेच्या मशीनमध्ये घालायचं. बाहेर आलेले पॅक तिसऱ्या खोलीत, स्टीलच्या मांडणीवर. तिथून वर ऑपरेशन थिएटरला. एकतीस वर्षं ताई हे करत होत्या. पेशंट बरा झाला की डॉक्टरांचे पाय धरतो. खाली कुणी बाई त्याच्यासाठी चिमटे घासत उभी होती हे त्याच्या गावीही नसतं. ताईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांची तक्रार वेगळीच होती.

या विभागात नव्याने लागलेल्या मुलीला नवी म्हणायची पद्धत आहे. पुढची नवी येईपर्यंत हीच नवी. सध्याची नवी बावीस वर्षांची, हातांनी चपळ, बोलायला भित्री. सहा महिन्यांच्या परीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर घेतलेली, त्यातले तीन आठवडे झालेले. आणि या तीन आठवड्यांत तिला काम शिकवलं कोणी? तर एका कार्यक्रमाने!

त्या कार्यक्रमाचं नाव स्वागत-सोपान. मनुष्यबळ विभागाच्या साहेबांनी तो बाहेरच्या एका कंपनीकडून करवून आणला होता, म्हणून साहेबांना सगळे सोपानसाहेब म्हणायचे. तीन दिवस पाचव्या मजल्यावरच्या गार हॉलमध्ये बसायचं. पहिल्या दिवशी कागदी पेल्यांचा मनोरा रचायचा, म्हणजे म्हणे संघभावना वाढते. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर वीस प्रश्न, आणि पास झालं की एक पिशवी, त्यात पाण्याची बाटली आणि छातीला लावायचा बिल्ला. मग चौथ्या दिवशी सरळ कामाला. आता कुणी म्हणेल, तीन दिवसांत काय येणार? तर त्याचीही सोय कागदावर होती. प्रत्येक नवीला एक अनुभवी ‘सोबती’, आणि सोबत्याने तिच्या शेजारी उभं राहून चाळीस तास शिकवायचं. वा, काय सुंदर! फक्त ड्युटीचा तक्ता लावणाऱ्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. ताई सकाळच्या पाळीला आणि नवी दुपारच्या. दोघींची गाठ पडायची ती कपडे बदलायच्या खोलीत, एकीचा एप्रन उतरताना आणि दुसरीचा चढताना. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

मंगळवारी ताईंची पाळी संपता संपता थिएटरमधून फोन आला. मोठ्या सिस्टरचा. त्या थिएटरच्या प्रमुख, आणि त्यांचा फोन म्हणजे चांगली बातमी नव्हे हे खाली सगळ्यांना पाठ होतं.

“ताई, खुब्याचा सेट ओला आहे. वरचं कापड सोडलं तर आतलं ओलं. दुसराही ओला. टेबलावर सत्तरीची म्हातारी आहे, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही तिच्या. मी आता काय करू, सांगा.”

काय झालं असणार ते ताईंनी ओळखलं. वाफेच्या मशीनमधून निघालेला पॅक चटके देण्याइतका गरम असतो. तो तसाच थंड स्टीलवर ठेवला की त्याला खालून घाम फुटतो. गरम भांड्यावर झाकण ठेवा आणि थोड्या वेळाने उचला, तेच. कापड ओलं झालं की त्यातून जंतू आत शिरायला वाट मिळते, मग आतलं सगळं पुन्हा धुण्यापासून सुरू. म्हणून मशीनचं दार उघडलं की पॅक मशीनच्या चाकांच्या गाडीवरच राहू द्यायचे, पुरते गार होईस्तोवर हात लावायचा नाही, आणि मग तळाखाली हात घालून बघायचं. हे कुठल्याही जुन्या बाईला झोपेतून उठवून विचारा.

ताईंनी आणखी एक सेट तातडीने लावला, मशीनमध्ये घातला आणि गार होईपर्यंत गाडीपाशी उभ्या राहिल्या. वरून तीनदा फोन आला. “गार झाल्याशिवाय मिळणार नाही,” एवढंच तीनदा सांगितलं. म्हातारीचं ऑपरेशन अडीच तास उशिराने झालं आणि नीट झालं. नशीब तिचं, आणि उपकार सिस्टरच्या डोळ्यांचे.

ते ओले पॅक आदल्या दुपारचे होते. नवीने लावलेले. तिला ताईंनी कपड्यांच्या खोलीत गाठलं.

“गरम पॅक मांडणीवर ठेवलेस?”

“हो. गाडी लवकर रिकामी करा म्हणाले, दुसरा लोड थांबला होता.”

“आणि तळ बघितला होतास?”

नवी गोंधळली. “तळ? टेप बघितली ना, ताई. रेषा काळ्या झाल्या होत्या. व्हिडिओत सांगितलंय, रेषा काळ्या झाल्या की सेट तयार. परीक्षेतपण तोच प्रश्न होता. मला वीसपैकी एकोणीस आहेत.”

पॅकवर एक टेप असते, वाफ लागली की तिच्या रेषा काळ्या होतात. त्यावरून इतकंच कळतं की पॅक वाफेत जाऊन आला. आता आंघोळीला गेलेला प्रत्येक माणूस स्वच्छच होऊन येतो का? पण व्हिडिओ करणाऱ्याने हत्यार कधी हातात धरलं असेल तर त्याला हे सुचणार. ताईंची तळपायाची आग मस्तकात गेली. मात्र ती या पोरीवर नव्हती. पोरीने सांगितलं तेच केलं होतं, आणि एकोणीस मार्क मिळवून केलं होतं!

“रडू नकोस,” ताई खेकसल्या. “रडायचं असेल तर मी घरी गेल्यावर रड.”

संध्याकाळ व्हायच्या आत सोपानसाहेब स्वतः खाली उतरले. एरवी त्यांना तळमजल्याची वाट माहीत नसावी. हातात एक फॉर्म. त्यावर नवीचं नाव, सोबती म्हणून ताईंचं नाव, समोर ‘चाळीस तास पूर्ण’. खाली नवीची सही होती आणि ताईंची जागा रिकामी.

“ताई, एवढी सही राहिली होती. उद्या अकराला चौकशी आहे, त्याआधी फाइल पूर्ण हवी.”

“चाळीस तास? मी त्या पोरीबरोबर चाळीस मिनिटं नाही उभी राहिले, साहेब.”

“अहो, ती प्रक्रिया आहे. तिने सही केलीय बघा.”

“कधी केली?”

मागून नवीच बारीक आवाजात म्हणाली, “पहिल्याच दिवशी घेतल्या सगळ्या सह्या. म्हणाले, एकदमच करून टाका, वेळ वाचतो.”

आता घ्या! न शिकवलेल्या कामाची पावती आधीच फाडून घेतलेली. आणि तिचा उपयोग काय, तेही ताईंना उभ्याउभ्या कळलं. फॉर्म पूर्ण असला म्हणजे कार्यक्रम चोख. कार्यक्रम चोख म्हणजे शिकवूनही शिकली नाही ती पोरगी नालायक. सहा महिन्यांच्या परीक्षेवरच्या मुलीला घरी पाठवायला एक ओळ पुरते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

“उद्या बघू,” ताई म्हणाल्या आणि फॉर्म तसाच परत दिला.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते बसचे ड्रायव्हर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून शांत राहण्याचा सल्ला फुकट वाटायचे. शेंगा सोलता सोलता म्हणाले, “अगं, पाच महिने राहिलेत तुझे. सही कर आणि मोकळी हो. कशाला हात दाखवून अवलक्षण?”

“आणि ती पोरगी?”

“दुसरीकडे लागेल.”

“तुम्हाला पहिल्या दिवशी कोणी पन्नास माणसं बसवून गाडी दिली होती?”

“नाही. दोन महिने बाजूला बसलो होतो. उस्ताद पायावर पट्टी मारायचा, क्लच चुकला की.”

“मग?”

ते शेंगांची परडी बाजूला ठेवून म्हणाले, “बरं, उद्या डबा मी करतो. तू लवकर जा.” लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या माणसाकडून याहून मोठा पाठिंबा अपेक्षित नसतो.

बुधवारी अकरा वाजता पाचव्या मजल्यावर ताई, नवी, मोठ्या सिस्टर आणि सोपानसाहेब. साहेबांनी घसा साफ करून सुरुवात केली. घटना गंभीर आहे, पेशंटच्या जिवाशी खेळ आहे, कर्मचाऱ्याला सर्व प्रशिक्षण देण्यात आलं होतं, परीक्षेत पंच्याण्णव टक्के गुण आहेत, तरीही निष्काळजीपणा झाला. नवी टेबलाच्या कडेकडे बघत होती. आपल्याबद्दल बोलताहेत की दुसऱ्या कुणाबद्दल, अशी.

ताईंनी बोलायला सुरुवात केली आणि मग त्यांना आवरणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

“निष्काळजी? साहेब, तिने तुमच्या व्हिडिओवर काडीचाही संशय घेतला नाही, एवढाच तिचा गुन्हा. गरम पॅक गार मांडणीवर ठेवू नये हे तुमच्या व्हिडिओत आहे? नाही. तळ बघावा हे आहे? नाही. पेल्यांचा मनोरा मात्र आहे! हे काम हातांचं आहे. हाताला हात लावून शिकवावं लागतं. नव्या मुलीला पहिले सहा आठवडे एकटीला सोडायचंच नाही, आणि तिच्या सोबतीणीला तेवढे दिवस कमी लोड द्यायचा. इतकं साधं आहे. पण त्याला माणूस लागतो, आणि माणसाऐवजी तुम्ही पिशवी दिलीत.”

“मग हिला शिकवलं कुणी?” मोठ्या सिस्टरनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“कुणीच नाही.”

सोपानसाहेब रागावले नाहीत. उलट ते मऊ हसले, आणि ताईंना ते हसू आवडलं नाही. त्यांनी फाइलमधून कागदांचा एक गठ्ठा काढून टेबलावर पसरला. अकरा फॉर्म होते. गेल्या पाच वर्षांतल्या अकरा नव्या. प्रत्येकीपुढे ‘चाळीस तास पूर्ण’ आणि प्रत्येकीखाली ताईंची सही, शेवटच्या अक्षराखाली तिरकी रेघ ओढलेली.

“या सह्या तुमच्याच ना?”

“माझ्याच.”

“अकरा मुलींना तुम्ही चाळीस-चाळीस तास दिलेत. एकदाही तक्रार नाही, एकदाही असा प्रकार नाही. म्हणजे कार्यक्रम अकरा वेळा यशस्वी झाला, ताई. बाराव्या वेळी नाही झाला, तर दोष कार्यक्रमाचा की मुलीचा?”



त्या सह्या कशा झाल्या ते ताईंना आठवत होतं. चहाच्या वेळी शिपाई कागद आणायचा, म्हणायचा, ताई, वरून मागताहेत, आणि ताई कापडाच्या पिंपावर कागद ठेवून रेघ ओढायच्या. एका हातात कप असायचा. त्या मुलींना काय दिलं होतं? कुणाला वीस मिनिटं, कुणाला अर्धा तास, कुणाला नुसती एक शिवी. त्यातली एक आठव्या दिवशी नोकरी सोडून गेली. जाताना म्हणाली होती, मला नाही जमत. तेव्हा ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, आजकालच्या पोरींना कष्ट नकोत! तिचा चेहरा आता काही केल्या आठवेना. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. ताईंच्या डोळ्यात तर अकरा मुसळं होती, आणि त्यांवर स्वतःचीच सही.

सोपानसाहेबांनी बारावा फॉर्म पुढे सरकवला. पेनही ठेवलं. “तुमचं वय, तुमची सेवा लक्षात घेता या विषयात तुम्हाला कुणी ओढणार नाही. सही केली की तुमचा संबंध संपला.”

नवीने पहिल्यांदाच मान वर केली आणि ताईंकडे बघितलं. विनवणी वगैरे काही नव्हती त्या बघण्यात. सही होणारच, असं तिने धरून ठेवलं होतं. तीन आठवड्यांत या जागेने तिला शिकवलेली एकमेव गोष्ट ती होती.

ताईंना स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती. त्यांनी अकरा फॉर्म एकावर एक रचले, कडा जुळवल्या आणि ते सिस्टरपुढे ठेवले.

“खोट्या आहेत,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“अकराच्या अकरा. सह्या माझ्या आहेत, तास एकाही मुलीला मिळालेले नाहीत. मी कागद न वाचता सही केली. नाही, तेही खोटं. वाचून केली. तुमचा कार्यक्रम अकरा वेळा यशस्वी झाला तो माझ्या रेघेमुळे, साहेब. आता लिहून घ्या.”

“ताई, तुम्हाला कळतंय का, याचा परिणाम काय होईल?”

“मला एकतीस वर्षं कळतंय. लिहा.”

त्यांनी लिहिलं नाही, तेव्हा मोठ्या सिस्टरनी पेन उचललं आणि स्वतः लिहिलं. ताईंनी त्याखाली सही केली. रेघ ओढायची विसरल्या.

शुक्रवारी निकालाचं पत्र आलं, आणि असं पत्र लिहायलाही डोकं लागतं. नवीची नोकरी राहिली. परीक्षेचा काळ तीन महिन्यांनी वाढला, आणि तिने स्वागत-सोपान पुन्हा पहिल्या दिवसापासून करावा असं ठरलं. मनोऱ्यासकट! ओल्या पॅकबद्दल नवा व्हिडिओ बनवण्यात येईल. फॉर्मवर यापुढे एकाऐवजी दोन सह्या राहतील. आणि ताई? खोटी नोंद केल्याबद्दल त्यांच्या फाइलला ताकीद लागली, पाळीचं प्रमुखपद गेलं, आणि नव्या कर्मचाऱ्यांना मार्गदर्शन करण्यास त्या अपात्र ठरल्या.

म्हणजे बघा. त्या तळमजल्यावर ज्या एका बाईने खरं सांगितलं आणि जिला काम येत होतं, नेमक्या तिलाच शिकवायला बंदी. ड्युटीच्या तक्त्याला कुणी बोट लावलं नाही. तो तसाच भिंतीवर.

ताईंनी पत्राची घडी करून एप्रनच्या खिशात घातली आणि गुरुवारची वाट बघितली. नवी तीन दिवस पेले रचून परत आली तो गुरुवार. दोन वाजता ताईंची पाळी संपली. त्यांनी हात धुतले, टोपी बदलली आणि मशीनपाशी नवीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

दुपारच्या पाळीची प्रमुख धावत आली. ही चष्मेवाली, ताईंनी सही केलेल्या अकरातली चौथी, चार वर्षं दुपारीच असायची. नवीचा सोबती म्हणून आता तिचं नाव लागलं होतं. तिच्या हातात तो फॉर्म होता, दोन सह्यांचा.

“ताई, तुमची ड्युटी संपली ना?”

“संपली.”

“पत्रात लिहिलंय की तुम्ही…”

“शिकवायचं नाही असं लिहिलंय. उभं राहायचं नाही असं कुठे लिहिलंय, दाखव. माझे पाय, माझा वेळ. तक्रार कर जा.”

चष्मेवाली गेली नाही. मशीन थांबलं, दार उघडलं, वाफ निवळली. नवीने गाडी बाहेर ओढली आणि हात मागे बांधून थांबली. गार व्हायला हवं होतं. तिघी गाडीभोवती उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने ताईंनी मान हलवली. नवीने पहिला पॅक उचलला, तळाखाली तळहात घातला, बोटं फिरवली.

“कोरडा,” ती म्हणाली.

“पुढचा.”

“हापण कोरडा.” तिसऱ्याला ती थांबली. पुन्हा हात घातला. “ताई, इथे कोपऱ्यात… गार लागतंय. दमट.”

“मग?”

“परत पाठवायचा. सोडून, पुन्हा सगळं पहिल्यापासून.”

“टेप काय म्हणते?”

“टेप काळी आहे. पण परत जाणार.”

ताई चष्मेवालीकडे वळल्या, काहीतरी तिरकस बोलायला. ती फॉर्म छातीशी धरून त्या दमट कोपऱ्याकडे बघत होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी चार वर्षं टेपच बघतेय.”

ताईंनी गाडीची कड घट्ट धरली. चार वर्षं, दुपारची पाळी, रोजचे सहा लोड. त्यांनी हिशोब करायचा नाही असं ठरवलं, आणि तरी तो झालाच. मग त्यांनी चष्मेवालीच्या हातातून तो फॉर्म काढून घेतला आणि मागच्या टेबलावर पालथा ठेवला.

“ये इकडे,” त्या म्हणाल्या. “हात धू आणि कोरडे कर. आधी पुसून, मग वाळवून.”